भाव शंभरने जास्त, तरी माल गेला व्यापाऱ्याकडे

पत्र

सप्रेम नमस्कार. मी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे. सभासद 210, बहुतेक दोन-चार एकरवाले. 2024 च्या खरिपासाठी आम्ही एका तेल प्लांटशी 300 टन सोयाबीनचा करार केला. लातूर बाजार समितीत त्या दिवशी निघेल तो भाव आणि वर क्विंटलला 100 रुपये. बियाणं कंपनीने उधारीवर दिलं. मे महिन्यात सगळ्यांच्या सह्या घेतल्या. प्लांटवर माल उतरल्यापासून पंधरा दिवसांत पैसे थेट खात्यावर जमा होणार होते.

रास झाल्यावर आमच्याकडे आला 90 टन. बाकी बहुतेक सगळा गावातल्या खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावातच माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, काट्यावर गेला. तो तर लातूरपेक्षा दीडशे रुपये कमी देत होता! बाहेर भाव जास्त मिळाला म्हणून गेले असते तर समजलो असतो. आता प्लांटवाले म्हणतात, पुढच्या वर्षी आधी अनामत भरा. आमच्या संचालक मंडळात चाललंय की नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची, वकिलाच्या नोटिसा काढायच्या आणि सभासदत्व रद्द करायचं. त्या यादीत माझे सख्खे चुलते आहेत. 14 क्विंटलमधलं एक पोतं त्यांनी आम्हाला दिलं नाही. समोर आले की मान खाली घालून निघून जातात. लोकांना स्वतःचं भलं कळत नाही का? काय करावं?

— एक संचालक, ता. औसा

उत्तर

संचालकसाहेब,

फलकाचा ठराव झाला नसेल तर आधी तो थांबवा. झाला असेल तर इतिवृत्तातच राहू द्या. दीडशे घरांची नावं चव्हाट्यावर मांडली की पुढच्या मेमध्ये सह्या कुणाच्या घेणार?

तुमच्या चुलत्यांना हिशेब कळत नाही असं तुम्ही धरून चाललात. चला, त्यांचाच हिशेब मांडू. लातूरचा भाव 4,200 धरतो, त्या हंगामात तो याच्या आसपासच होता. म्हणजे तुमचा भाव 4,300 आणि खेडा खरेदीवाल्याचा 4,050. क्विंटलला अडीचशेचा फरक, 14 क्विंटलला साडेतीन हजार. तुम्हाला दिसतात ते हे साडेतीन हजार.

पण प्लांट घेतो 12 टक्के ओलाव्याचा माल. परतीच्या पावसाच्या धास्तीने घाईघाईत काढलेल्या, मळणी यंत्रातून नुकत्याच निघालेल्या सोयाबीनला ओलावा सहज 15 टक्के असतो. तो 12 वर आणायचा म्हणजे अंगणात पसरायचा, दोन-तीन दिवस राखण करायची, ढग आला की ताडपत्रीकडे पळायचं. एवढं केल्यावर 14 क्विंटलचे भरतात साडेतेराहून जरासे जास्त. 4,300 ने झाले 58 हजार 100 आणि काही. व्यापारी ओला माल आहे तसा उचलतो, 14 क्विंटलचे 56 हजार 700 देतो. फरक उरला चौदाशेचा. त्यातून तुमच्या संकलन केंद्रापर्यंतचं भाडं आणि हमाली क्विंटलला 50 जरी धरली तरी 700 गेले. राहिले 700. पुढे प्लांटच्या गेटवर माती किती कापतील, डागी किती लावतील, ते देव जाणे. गाडी परत आली तर परतीचं भाडं कुणाचं, हे तुमच्या करारात लिहिलंय का? बहुधा नसेल.

सातशे रुपयांसाठी पंधरा दिवस कोण थांबेल? थांबायची ऐपत असलेला थांबेल. तुमच्याकडे आलेल्या 90 टनांत कुणाकुणाचा माल आहे ते एकदा काढून बघा. पगारदार मुलगा असलेले, पक्कं गोडाऊन असलेले, दहा-बारा एकरवाले, हीच नावं वर दिसतील असा माझा अंदाज आहे.

आता रास झालेली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. कापणीचं गुत्तं एकरी चार-पाच हजारांचं असतं. बायका-गड्यांची टोळी पैसे घेऊन दुसऱ्या शिवारात जायला निघालेली असते. मळणीवाला कट्टे मोजून पैशासाठी बांधावर बसलेला. खत-औषधवाल्याचा जूनपासूनचा उधारीचा कागद खिशात. दिवाळी दहा दिवसांवर, लग्नानंतर पोरीची पहिलीच. हे सगळे त्याच आठवड्यात येतात, आणि पंधरा दिवसांनी खात्यावर येणारे पैसे टोळीच्या मुकादमाला दाखवता येत नाहीत. खेडा खरेदीवाला टेम्पो आणि काटा घेऊन त्या संध्याकाळी खळ्यावर उभा होता. बारदाना त्याचा, हमाल त्याचे, नोटांचं पुडकं त्याच्या बंडीच्या खिशात. तुमची कंपनी तेव्हा कुठे होती? व्हॉट्सअॅपवर. 'माल सुकवून सोमवारी केंद्रावर आणावा, सोबत आधार आणि पासबुकाची झेरॉक्स.'

पासबुकावरून आठवलं. 'थेट खात्यावर' हे तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलंय. सरकारी योजनेत ते शोभतं, पण ज्याचं पीककर्ज थकलंय त्याच्या खात्याला बँकेने होल्ड लावलेला असतो. विमा आला, अनुदान आलं, तरी काउंटरवरून 'आधी नवं-जुनं करा', म्हणजे जुनं कर्ज भरून नवं काढा, एवढंच उत्तर मिळतं. कर्जमाफीच्या आशेवर नवं-जुनं न केलेले लोक तर गावोगाव आहेत. अशा माणसाला तुमचे 4,300 आणि शून्य यात फरक नाही. तो हे तुम्हाला तोंडावर सांगणार नाही, कारण तुम्ही संचालक आहात, शिवाय भावकीतले. थकबाकीदार म्हणवून घेण्यापेक्षा करार मोडणारा म्हणवून घेणं त्याला परवडतं. चुलत्यांच्या खाली घातलेल्या मानेत यातलंच काही असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

शिवाय व्यापारी फक्त खरेदीदार नसतो. बऱ्याच गावांत खताचं दुकान त्याचं किंवा त्याच्या भावाचं असतं. जूनमध्ये दुबार पेरणीला उचल त्यानेच दिली, म्हातारीला रात्री दवाखान्यात न्यायला पैसे त्यानेच दिले. त्याचं व्याज जबर आहे, काटा मारतो, कडता धरतो, हे शेतकऱ्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी तो माल त्याला देतो, कारण पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच्याच दारात जायचंय. दीडशे रुपये कमी घेणं हा त्या दाराचा हप्ता आहे. तुमची कंपनी अडीअडचणीला दार उघडत नाही, तोवर हा हप्ता तो भरत राहणार. तुम्ही त्याला मूर्खपणा म्हणालात, मी नाही म्हणणार.

दोन गोष्टी आणखी तपासा. पहिली, सही कुणाची आणि कसतो कोण? तुम्ही सातबारा बघून सह्या घेतल्या असणार. पण दोन-चार एकरांची कितीतरी रानं बटईने (पिकाच्या वाट्यावर) नाहीतर ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) दुसऱ्याकडे असतात. मालक पुण्यात कंपनीत, त्याने गणपतीला गावी आल्यासारखी येऊन सही केली. राशीवर निम्मा हक्क बटईदाराचा, त्याला कराराचा कागद कुणी दाखवलाच नाही. त्याने त्याचा वाटा विकला तर त्याने कोणता करार मोडला?

दुसरी, हमीभाव. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि बाजार त्याच्या सहा-सातशे खाली. ज्यांना दम होता त्यांनी ऑनलाइन नोंदणी करून चांगला माल सरकारी खरेदीसाठी धरून ठेवला, मग बारदाना नाही म्हणून केंद्राच्या रांगेत ताटकळले. तुमच्या लेखी तेही करार मोडणारेच. पण सरकार क्विंटलला सहा-सातशे जास्त देत असताना तुमचे शंभर कोण धरून बसेल? करारात 'बाजारभाव किंवा हमीभाव, जो जास्त तो' असं लिहायला प्लांट तयार झाला नसता, हे मलाही कळतं. मग निदान त्या वर्षी लोकांवर दात खाऊ नयेत.

नोटिशीचं म्हणाल, तर आधी तुमचा स्वतःचा कागद तपासा. महाराष्ट्राच्या पणन कायद्यात करार शेतीची तरतूद 2006 साली आली, त्यानुसार कराराची नोंदणी करावी लागते. तुम्ही केली होती? स्टँपवर सह्या घेतल्या म्हणजे काम झालं असं पुष्कळांना वाटतं. केंद्राचा 2020 चा करार शेतीचा कायदा, ज्यात वाद प्रांताधिकाऱ्याकडे नेण्याची सोय होती, तो 2021 मध्येच रद्द झाला. त्याचा हवाला कुणी वकील देत असेल तर वकील बदला. आणि समजा सगळं चोख आहे, तरी चौदा-चौदा क्विंटलसाठी दीडशे जणांवर दावे लावून वसूल किती होणार आणि वकिलाला जाणार किती?

2019 साली गुजरातेत काय झालं ते आठवतंय? चिप्सचा बटाटा पिकवला म्हणून पेप्सिकोने साबरकांठ्यातल्या शेतकऱ्यांवर एकेकाकडून एक कोटीच्या वर भरपाई मागत दावे टाकले. ते तिचे करारातले शेतकरी नव्हते, भांडण वाणाच्या हक्काचं होतं. पण कंपनीने पुढे केलेल्या तडजोडीत आमच्या करारात या, हाही एक मार्ग होता. देशभर बोंब झाली आणि मे महिन्यात दावे मागे घ्यावे लागले. त्या कंपनीकडे वकिलांची फौज होती. तुमच्याकडे भाग भांडवल किती आहे?

लोकांना बांधून ठेवणं सरकारलाही जमत नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये ऊस राज्याबाहेर न्यायला बंदीचा आदेश निघाला आणि ओरड झाल्यावर तो त्याच महिन्यात गुंडाळावा लागला. आता दुधाकडे बघा. गावातली संस्था दर दहा दिवसांनी 'पगार' करते. दोन रुपये जास्त देणारा खासगी संकलनवाला आला, तरी पगार वेळेवर होणाऱ्या संस्थेचं दूध चटकन हलत नाही. दुधावर कुणी स्टँप करत नाही.

मग पुढच्या हंगामात करायचं काय? मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पैसा, आणि तो खळ्यावर. काटा झाला की त्याच दिवशी निदान 70 टक्के रक्कम सभासदाच्या हातात पडली पाहिजे, उरलेली प्लांटची पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) आल्यावर. ही रक्कम आणायची कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न. प्लांट अनामत मागतोय ना? उलट त्याच्याकडे उचल मागा. एका ट्रकची उचल द्या, ती पट्टीत कापा आणि पुढच्या ट्रकची द्या, असं फिरतं ठेवता येतं. नाबार्डची नॅबकिसान ही वित्त कंपनी शेतकरी कंपन्यांना खेळतं भांडवल देते. कागदपत्रांना दोन-तीन महिने जातात, म्हणून अर्ज पेरणीआधी करा. ज्यांना घाई नाही आणि ज्यांचा माल वाळलेला आहे, त्यांच्यासाठी बाजार समित्यांमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवस मुदत. 1990-91 पासून चालू आहे, तरी निम्म्या गावाला ठाऊक नसते. पण एक सांगून ठेवतो, तारण ही अडचण भागवायची सोय आहे. भाव चढेल म्हणून थांबायचा जुगार तिच्या जिवावर खेळू नका. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि नवा माल आल्यावर दिवाळीच्या आसपास निम्म्यावर आलं. ते दहा हजार अजून लोकांच्या डोळ्यांत आहेत, त्यापायी पुढची दोन-तीन वर्षं घरात थप्प्या लावून बसलेले मी पाहिलेत.

खात्याच्या अडचणीवर उघड बोला. नावं न विचारता सभेत एवढंच सांगा की ज्यांना दुसऱ्या बँकेतलं खातं द्यायचंय त्यांनी ते द्यावं. बटईदार असेल तर त्याच्या वाट्याची पट्टी त्याच्या नावाने निघू द्या. करारावर कसणाऱ्याचीही सही घ्या.

सगळा माल मागू नका. दहा कट्टे होतील त्यातले पाच कंपनीला द्या, बाकीचे कुठेही विका, आम्ही विचारणार नाही, असं म्हणा. शेतकरी तसाही दोन्ही डगरींवर पाय ठेवतो, तर त्याला ते राजरोस करू द्या. अर्धा मागितलात तर अर्धा तरी येईल. सगळा मागितलात तेव्हा तिसरा हिस्साही आला नाही. प्लांटला 300 टनांचा शब्द देऊ नका, 120 चा द्या आणि पाळा. अनामतीचा विषय निघाला तर प्लांटच्या बाजूच्या अटीही लिहून घ्या: गेटवर गाडी किती तासांत खाली होणार, ओलावा कुठल्या मीटरवर मोजणार, माल नाकारला तर भाडं कुणाचं, पंधराव्या दिवशी पैसे आले नाहीत तर व्याज किती. भाव कोसळला की प्लांटवाल्यांना एकाएकी डागी दाणे जास्त दिसायला लागतात, हा अनुभव काही नवा नाही. तो करारभंग आहे असं मात्र कुणी म्हणत नाही!

ओलाव्याचं मीटर कंपनीने स्वतःचं घ्या, गावात ठेवा. सभासदाच्या समोर मोजा, आकडा पट्टीवर लिहा. 15 टक्क्यांचा मालही घ्या, फक्त कपातीचा तक्ता आधी चावडीवर लावा. त्या फलकाचा हा उपयोग करा. सुकवायला एक पत्र्याचं शेड आणि चार ताडपत्र्या पुरतात.

आणखी एक सुचवतो, तुमच्या मंडळाला ते रुचणार नाही. त्या खेडा खरेदीवाल्यालाच बोलवा. क्विंटलमागे ठरलेलं कमिशन द्या आणि गावातलं संकलन त्याला करू द्या, काटा आणि मीटर मात्र कंपनीचा. सकाळी सहाला खळ्यावर जायचं, हमाल जमवायचे, कुणाची रास कधी होणार ते डोक्यात ठेवायचं, हे सगळं त्याला येतं. तुमच्या सीईओला ते येत नाही, आणि एवढ्या पगारात येणारही नाही. दुश्मनाला घरात घेतलं म्हणून ओरड होईल. एक हंगाम दोन गावांत करून बघा, जमलं नाही तर काढून टाका.

बियाण्याची उधारी मात्र सोडू नका. ती कराराशी जोडू नका, वेगळी ठेवा. माल दिला न दिला, बियाण्याचे पैसे राशीच्या दिवशी रोख किंवा मालात द्यायचेच. दोन-चार एकरवाल्याला हप्ता पाडून द्या. पण ज्याच्याकडे वीस-पंचवीस एकर आहे, खात्याला होल्ड नाही, घरात दोन ट्रॅक्टर आहेत, त्याने स्वस्त बियाणं उचलून माल बाहेर घातला असेल, तर त्याला नोटीस जरूर काढा. असे चार-पाच असतीलच. यादी करायची तर त्यांची करा.

आणि हो, सगळं पत्र वाचून झालं तरी एक आकडा सापडला नाही. तुम्हा संचालकांचा स्वतःचा माल किती आला? तुमचा किती, अध्यक्षांचा किती? पुढच्या बैठकीत पहिला विषय हा ठेवा. त्याचं उत्तर अवघड निघालं, तर सभासदत्व रद्द करण्याचा विषय आपोआप मागे पडेल.

चुलत्यांकडे पत्र किंवा करार घेऊन जाऊ नका. काकूंच्या हातचा चहा घ्या, आणि दाराबाहेर आल्यावर काकांना एकट्याला विचारा, 'काका, बँकेत काही अडलंय का?' उत्तर लगेच देणार नाहीत, रेटू नका. बियाण्याचे पैसे बाकी असतील तर तो विषय त्या दिवशी काढू नका. ते काम सीईओच्या पावतीपुस्तकावर सोडा, पुतण्याने करू नये.

पुढचा हंगाम धरायचा असेल तर बारदान्याची ऑर्डर ऑगस्टमध्येच द्या. दसऱ्याच्या आठवड्यात तो मिळत नाही, आणि मिळाला तर व्यापाऱ्याकडूनच, तो म्हणेल त्या भावाने घ्यावा लागतो.